खुलभर दुधाची कसोटी

दिवाळी अंकात वजन उतरविण्याच्या पुस्तकांवर टीकालेख लिहावयाचा, म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभे राहून अजीर्णावर व्याख्यान देण्यासारखेच आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा शेजारी चिवड्याचा डबा उघडा असणार, आणि करंजीचा तुकडा तोंडात असताना मेदवृद्धीचा विचार करावयास कोणीही सुज्ञ माणूस तयार होणार नाही. म्हणून आरंभीच अभयवचन देऊन टाकतो. फराळाविरुद्ध मला अवाक्षरही लिहावयाचे नाही. माझी तक्रार आहे ती एका वाङ्मयप्रकाराविषयी. आणि तीही त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. उलट हा प्रकार मराठी समीक्षेने फारच उपेक्षिला आहे असे माझे मत झाले आहे. कादंबरी दहा माणसांनी वाचली तर त्यातला एखादा बदलतो, तोही बदलला तर. वजनाचे पुस्तक वाचणारा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी निदान एक चहा तरी सोडतो. वाचकाच्या आयुष्यात इतक्या लवकर हात घालणारे वाङ्मय दुसरे कोणते आहे?

या लेखाचे निमित्त घरगुती आहे. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरील आमचे नेर, जुन्या माणसांच्या तोंडी अजून नेर परसोपंत, हे कापसाचे, तुरीचे आणि अलीकडे सोयाबीनचे गाव. येथे माझी एके काळची एक विद्यार्थिनी शिवणकाम करते. घरात पाच माणसे. नवऱ्याची नोकरी अशी की महिन्याच्या वीस तारखेनंतर हिशेब नाण्यांत चालतो. यंदा श्रावणाच्या तोंडावर तिला दवाखान्यात सांगण्यात आले की, साखर काठावर आहे, वजन उतरवा. ती कोणाकडून तरी एक पुस्तक मागून घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुमी पुस्तकं वाचता. हे वाचून मले येवढंच सांगा, याच्यातलं माह्या घरात काय हाय?"

आयुष्यभर मी मराठी शिकविले. पुस्तकाला काय काय प्रश्न विचारावेत यावर पोरांना टिपणे उतरवून दिली. हा प्रश्न त्यांत नव्हता. आणि मग मी एक सोडून तीन-चार पुस्तके वाचली.

या वाङ्मयाचा आधुनिक मूळपुरुष शोधू गेल्यास तो लंडनमध्ये सापडतो. विल्यम बँटिंग नावाच्या एका सुखवस्तू गृहस्थाने 1863 साली आपल्या स्थूलत्वाविषयी लोकांना उद्देशून एक पत्रक छापले. प्रेतयात्रांची व्यवस्था करणे हा त्याचा व्यवसाय, आणि राजघराण्याची कामेही त्याच्याकडे असत. वैद्याच्या सल्ल्याने पाव, साखर, दूध, बटाटे सोडून आपण कसे हलके झालो हे त्याने त्यात सांगितले. पत्रक इतके गाजले की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडनमध्ये वजन उतरविण्याला आजही त्याच शब्दावरून आलेला शब्द वापरतात. परंतु त्याची दिनचर्या पाहावी: न्याहारीला मांस, दुपारी मासे किंवा मांस, रात्री पुन्हा तेच, आणि जोडीला द्राक्षाचे मद्य. तेथून पुढे दीडशे वर्षे या वाङ्मयाने एक गोष्ट गृहीत धरली आहे. माणूस लठ्ठ होतो तो श्रीमंतीने, आणि बारीक व्हावयाचा तोही श्रीमंतीनेच. पहिल्याने जास्त खावयाचे, मग महागाचे खावयाचे. आज ओट, बदाम, परदेशी बिया आणि डब्यातली प्रथिनांची भुकटी यांच्या ज्या याद्या छापून येतात, त्या बँटिंगच्याच वंशावळीतल्या आहेत.

आपल्याकडे मात्र देहाला नियम लावणारे दुसरे एक वाङ्मय फार पूर्वीपासून आहे. मी व्रतांच्या कहाण्यांविषयी बोलतो आहे. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर वजनाचे मराठी पुस्तक ही कहाणीच असते. आरंभी एक संकटात सापडलेले माणूस. मग कोणीतरी वसा सांगतो. नियम, काळवेळ, काय खावे, काय वर्ज्य. मध्येच कोणाचा तरी वसा मोडतो आणि त्याचे वाईट होते. शेवटी फलश्रुती, म्हणजे पूर्वीचे आणि नंतरचे अशी दोन छायाचित्रे. साम्य इतके आहे की मराठी वाचकाला ही पुस्तके परकी वाटत नाहीत याचे नवल नको.

पण सोमवारची खुलभर दुधाची कहाणी वाचकांनी लहानपणी ऐकली असेल. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा असतो. तो दवंडी पिटवितो, घरचे झाडून सारे दूध देवळात आणा. लोक आणतात, पोरे, वासरे उपाशी राहतात, गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी घरातले सारे आवरते, पोरासोरांना, वासरांना घालते, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन येते. तेवढ्याने गाभारा भरतो. नियम सांगणाऱ्या पुस्तकाला लावावी अशी याहून चांगली कसोटी मला सुचत नाही. तुमचा वसा घरातल्या पोरांच्या तोंडचे काढून घेऊन पुरा होतो, की घर जेवल्यावर जे उरते त्यात बसतो? माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच होता. तिने तो वऱ्हाडीत विचारला एवढेच.

या कसोटीला पहिल्याने एक विनोदी लेख लावतो, कारण या विषयावरचे मराठीतले सर्वांत गाजलेले लेखन विनोदीच आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (1958) मधील 'उपास'. चाळीतला एक मध्यमवर्गीय गृहस्थ वजन उतरविण्याचा संकल्प सोडतो, आणि मग त्याच्या संकल्पावर सारी चाळ तुटून पडते. ज्याला त्याला उपाय ठाऊक. एकाने जे खा म्हणावे ते दुसऱ्याने वर्ज्य ठरवावे. वजनापेक्षा निश्चयच लवकर उतरतो. हा लेख आपण हसून सोडून देतो. पण पुलंनी या साऱ्या प्रकारातले एक मर्म अचूक पकडले आहे. खाणे ही चाळीत खाजगी गोष्ट नसते. माणूस एकटा लठ्ठ होऊ शकतो. एकटा बारीक होऊ शकत नाही. संकल्प जाहीर झाला की तो सार्वजनिक मालमत्ता बनतो. आजही कोणी घरात जाहीर करून पाहावे; तासाभरात आत्या, मेव्हणे आणि शेजारचे निवृत्त अधिकारी तीन वेगवेगळे पंथ स्थापन करतील. मात्र 'उपास'चा नायक पुरुष आहे, त्याचे पथ्य कोणीतरी दुसरे रांधते, आणि त्या स्वयंपाकघरात वाचकाला फार वेळ थांबू दिलेले नाही. विनोदी लेखाने ते करावे अशी अपेक्षाही नाही. पण पुढच्या गंभीर पुस्तकांनीसुद्धा तेथे डोकावू नये, हे मात्र खटकते.

तिने आणलेले पुस्तक होते डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे 'विनासायास वेटलॉस आणि मधुमेह प्रतिबंध'. त्यातला मूळ विचार आमच्या विदर्भातला आहे. काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार, ज्यांच्या पदव्यांची यादी वाचतानाच धाप लागते, जे पंचविशीत आमदार झाले आणि रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते, त्यांनी आहारावर एक व्याख्यान दिले होते. 2004 साली मोटार-अपघातात ते अकाली गेले. व्याख्यान मात्र ध्वनिमुद्रित रूपाने हातोहात फिरत राहिले. सामाजिक आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या दीक्षितांनी तो नियम आधी स्वतःवर करून पाहिला आणि मग गावोगाव सांगितला. 2018च्या सुमारास महाराष्ट्रात असे घर नसेल जेथे या आहारावरून एकदा तरी वाद झाला नाही.

नियम दोन ओळींचा आहे. खरी भूक दिवसातून ज्या दोन वेळांना लागते त्या ओळखा. त्या दोन वेळांना, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत, जेवा. मधल्या काळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा असे काही सोडून तोंड बंद. आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. कारण असे दिले आहे की, प्रत्येक खाण्याबरोबर शरीरात इन्शुलिन स्रवते, आणि ते वारंवार स्रवत राहिले म्हणजे साठलेली चरबी मोकळी होत नाही.

वाङ्मय म्हणून पाहिले तर या पुस्तकात पुनरुक्ती पुष्कळ आहे. ते व्याख्यानातून जन्मलेले आहे, आणि व्याख्यानाची सारी सवय त्याच्या अंगी आहे: शंका, समाधान, पुन्हा शंका, अनुभव सांगणारी मंडळी. पण ज्याला मी खरा गुण म्हणतो तो गुण त्यात भरपूर आहे. हा नियम काहीही विकत आणावयास सांगत नाही. नियम निरक्षर माणसाला तोंडपाठ होतो. वजनकाटा, वाटी, चमचा, तक्ता यांतले काहीही लागत नाही, घड्याळ लागते. आणि दीक्षितांनी व्याख्यानाला पैसे घेतले नाहीत, ही गोष्ट मी पुस्तकाबाहेरची मानत नाही. गरिबाला सांगावयाच्या नियमाचा स्वर त्यातून येतो. बँटिंगनेही आपले पत्रक पहिल्याने फुकटच वाटले होते, हे न्यायाच्या दृष्टीने नोंदवून ठेवतो.

त्याच्या शास्त्राविषयी मात्र थोडे सांगावे लागेल. 2022 साली चीनमधील ग्वांगझू येथे 139 स्थूल व्यक्तींवर वर्षभर केलेला एक प्रयोग न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना सारखेच मोजून कमी उष्मांक दिले. अर्ध्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळेत खाण्याचे बंधन, अर्ध्यांना ते नाही. वर्षअखेर दोन्ही गटांच्या उतरलेल्या वजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. प्रयोग जिचकार-दीक्षितांच्या नियमाचाच नव्हता हे खरे, पण त्यावरून इतके दिसते की किमया घड्याळात फारशी नाही. किमया आहे ती कमी खाल्ले जाण्यात, आणि घड्याळ त्याचे पहारेकरी. म्हणून तो पहारा निरुपयोगी ठरत नाही. ज्या घरात उष्मांक मोजणे अशक्य आहे तेथे वेळ मोजणे हीच शहाणी युक्ती आहे. एवढेच की, जे साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणांमधले अंतर वाढवू नये. साखर एकाएकी उतरण्याचा धोका खरा असतो.

माझे भांडण आहे ते शीर्षकातल्या पहिल्या शब्दाशी. विनासायास! सायास कोणाचे वाचतात? ज्याच्यासमोर पंचावन्न मिनिटे ताट वाढले जाते त्याचे. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी सकाळी पोरांचे डबे, नंतर सासूबाईंचे जेवण, रात्री साडेनऊला नवरा येतो आणि त्यानंतर ती. तिला भूक कोणत्या दोन वेळांना लागते हे तिने वीस वर्षांत स्वतःला विचारलेले नव्हते. तिचे जेवण भुकेला बांधलेले नव्हतेच. ते सगळ्यांच्या शेवटाला बांधलेले होते.

दीक्षितांच्या समोर त्याच काळात दुसरी एक गादी उभी राहिली, ती ऋजुता दिवेकर यांची. त्यांचे 'डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट' हे इंग्रजी पुस्तक 2009 सालचे. त्यांचा उपदेश जवळजवळ उलटा: उपाशी राहू नका, थोडे थोडे दर दोन तासांनी खा. चाळीतल्या 'उपास'ची आठवण व्हावी असाच हा वाद रंगला. दिवेकरांची एक कामगिरी मला मोठी वाटते. भात, तूप, शेंगदाणे, केळे, आजीच्या हातचे पदार्थ यांची अप्रतिष्ठा त्यांनी थांबविली. सुशिक्षित घरातून भाकरी हद्दपार होत असताना तिला पुन्हा पाटावर बसविणे हे लहान काम नव्हे. पण दर दोन तासांनी खाण्याचा नियम शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला सांगून पाहा. हात धुवा, खा, पुन्हा हात धुवा. गिऱ्हाईकाच्या कापडाला तेलाचे बोट लागले की शिलाई गेली आणि वर भरपाई. शिवाय थोडे थोडे म्हणजे किती, हे पोट भरलेल्या माणसाला कळते. टंचाईत वाढलेल्याला समोर आहे तेवढे संपवावे असेच शिक्षण मिळालेले असते.

येथे या सर्व पुस्तकांतली उणीव माझ्या लक्षात आली, आणि ती पुस्तकांनी नव्हे, तिनेच दाखविली. मी तिला विचारले, "तू दिवसभरात खातेस तरी काय?" तिने सांगितले त्यात चैनीचा एक पदार्थ नव्हता. होते ते असे: पोरांच्या डब्यातून परत आलेली पोळी, रात्रीचा उरलेला भात, सकाळी फोडणी देऊन, वरणाच्या भांड्याच्या तळाशी राहिलेले, "कुठं ठेवू येवढंसं", आणि गिऱ्हाईक आले की चहा. "अन्न टाकवत नाही, सर." ती लठ्ठ झाली होती काटकसरीने. सारे वजनाचे वाङ्मय चैनीविरुद्ध लिहिलेले आहे. काटकसरीविरुद्ध लिहिण्याचे कोणाच्या मनात आलेले नाही, आणि कसे यावे? तो तर सद्गुण.

बाजारही या सद्गुणाच्या बाजूला नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. गरिबाच्या घरची चूल त्यावर पेटते हे मान्यच. पण ते असते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी, जी आमच्या आजीच्या काळी गरिबाचे धान्य होती, तिचा पेरा विदर्भात सोयाबीनपुढे आटत गेला आणि आता ती विकत आणावी लागते. 2022 च्या दिवाळीला शासनाने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला: रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, पामतेल एक लिटर. सणाला तो योग्यच होता, आणि त्या घरांत त्यामुळे करंज्या झाल्या याचा मला आनंद आहे. तथापि स्वस्तात काय मिळते याचे चित्र त्या पिशवीत स्पष्ट दिसते. भाजी, अंडे, दूध यांची पिशवी शंभरात होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जड आणि सुमारे 19 टक्के वाजवीपेक्षा रोड आढळल्या. एकाच देशात, पुष्कळदा एकाच आळीत, कधी एकाच घरात सासू रोड आणि सून जड असते. त्या घराला कोणते पुस्तक द्यावयाचे?

आम्ही दोघांनी मिळून एक हिशेब मांडला. तो शास्त्रज्ञाचा नव्हे, वाण्याच्या वहीचा आहे. घरात महिन्याला तेल लागे पाच लिटर, म्हणजे माणशी एक. ते साडेतीनवर आणावयाचे. त्यासाठी पिंपातून पळीने काढण्याऐवजी आठवड्याचे तेल वेगळ्या बाटलीत भरून ठेवावयाचे, आणि बाटली रविवारच्या आत संपली तर उरलेले दिवस ठेचा, भरीत आणि कढी. यातून माणशी रोजचे ऐंशीएक उष्मांक गेले. चहा चार कप, दोन-दोन चमचे साखर. तो तीन कप, एकेक चमचा झाला. शंभर गेले. आणि सर्वांत मोठे कलम पोळ्यांचे: कणीक भिजविण्यापूर्वीच विचारावयाचे की कोण किती खाणार, आणि दोन पोळ्यांची कणीक कमी घ्यावयाची, कारण त्या दोन तिच्याच पोटात जाणाऱ्या होत्या. दोनशे गेले. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानाने 7,700 उष्मांक. तेव्हा कागदावर महिन्याला दीड किलो उतरावयास हवे. कागदावरचे शरीर आणि हाडामांसाचे शरीर यांत नेहमीच तफावत असते. शरीर हलके होते तशी त्याची गरजही घटते आणि उतार मंदावतो, हे मी तिला आधीच सांगून ठेवले.

याला पैसा लागला नाही, उलट सुटला. दीड लिटर तेल, पाऊण किलो साखर, जवळजवळ दोन किलो कणीक. त्यातून पोरांना आणि तिला अंडी आली, वरण घट्ट झाले, आणि अंबाडीची भाजी कण्या घालून आठवड्यातून दोनदा होऊ लागली. तूर या तालुक्यात शेतोशेत पिकते, पण वरण मात्र पाण्यासारखे. ही विसंगती मला माझ्या लहानपणापासून दिसते. किलोभर तुरीच्या डाळीत दोनशे ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. भुकटीच्या डब्यावर छापलेला आकडा पाहून दिपणाऱ्यांनी एकदा डाळीच्या पोत्याकडेही पाहावे.

व्यायामाचे प्रकरण लवकर आटोपतो. जवळच अमरावतीला 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्याचे खेळाडू 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले खेळ दाखवून आले. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर नेले. बिनपैशाच्या व्यायामाची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती बाईला एकटीने रस्त्यावरून विनाकारण चालण्याच्या मोकळीकीची. पहिल्याच सकाळी तिला चौघींनी विचारले, "काहून वं, कुठं चालली?" मग तिने युक्ती केली. ब्लाउज घरपोच देऊ लागली. आता पिशवी हातात असते, गाव विचारत नाही, आणि दोन गिऱ्हाइके वाढली.

अवघड होते ते वेळेचे. पुस्तकातला दोन जेवणांचा नियम तिला पटला होता. त्यासाठी संध्याकाळी साडेसातला पोरांबरोबर जेवावे लागणार होते, म्हणजे नवऱ्यासाठी न थांबता. पंचावन्न मिनिटांच्या सबंध पुस्तकात या एका गोष्टीला जागा नाही, आणि तिच्या घरी सारे पुस्तक त्या एका गोष्टीपाशी अडले. चार दिवस अबोला झाला. सासूबाई, ज्यांच्याकडून विरोधाची अपेक्षा होती, त्यांनीच पाचव्या दिवशी पोरांच्या पंगतीत तिचे ताट मांडले. मी या प्रसंगाला पुस्तकाच्या परीक्षणात जागा देतो, कारण माझ्या मते तो पुस्तकातच असावयास हवा होता. दीक्षितांनी पुढच्या आवृत्तीत घरातल्या माणसांसाठी एक प्रकरण लिहावे; त्यांचा नियम त्याला पेलण्याइतका मजबूत आहे. दिवेकरांनी एकदा उरलेल्या पोळीवर लिहावे. दोघांचे वाचक त्यांचे ऐकतात.

तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर असे: जिचकार-दीक्षितांच्या पुस्तकातला नियम तिच्या घरात होता, त्याची फुरसत नव्हती. दिवेकरांच्या पुस्तकातले धान्य तिच्या घरात एके काळी होते. आणि 'उपास'मधली चाळ तर चारही बाजूंनी होतीच.

आहारतज्ज्ञ भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावा असे सांगतात. मी हा आकडा सांगितला तेव्हा ती हसू लागली. वीस वर्षे टेप गळ्यात अडकवून तिने अख्ख्या आळीची मापे घेतली होती. वहीत स्वतःचे माप नव्हते. त्या दिवशी निघाले साडेसदतीस इंच. औषधाच्या दुकानातल्या काट्यावर एकाहत्तर किलो. कोजागिरीच्या सुमारास ती पुस्तक परत करावयास निघाली होती, तेव्हा छत्तीस इंच आणि एकोणसत्तर किलो होते. मध्ये एक महिना, पितृपंधरवड्यात, काटा हललाच नव्हता.

"दिवाळीत काय करणार?" मी विचारले.

"करीन ना सगळं. चकल्या, अनारसे. पोरं हायेत." मग अंगातल्या ब्लाउजची बाजू दाखवून म्हणाली, "हे पाहा, दीड इंच आत घेतला. पण माया कापली नाही, सर. आतच ठेवली हाय."